सूत, तूस आणि साखर



कामगार संघटनेच्या माणसास व्याख्यानाला बोलाविले म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता आणि संप यांवाचून दुसरे काय बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि ती अगदीच निराधार असते असे नाही. यंदा मात्र आम्ही चालकांकडून निराळाच विषय मागून घेतला. साखरेच्या धंद्यात डोळ्यांना न दिसणारी एक कामगारजात राबत असते. तिला आपल्या शाळेच्या पुस्तकांत विकर म्हणतात, इंग्रजीत एन्झाइम म्हणतात. या विकरांना कारखान्यात कायमची नोकरी कशी लागली, त्याचा इतिहास आज सांगावयाचा आहे. विषय रसायनशास्त्राचा आहे आणि आमची शाळा नववीत सुटली. जे काही ठाऊक आहे ते वाचनालयाच्या बाकावर शब्दकोश शेजारी ठेवून, आणि येथल्या विज्ञानाच्या शिक्षकांना वेळीअवेळी गाठून मिळविलेले आहे. तेव्हा बोलण्यात कोठे चूक निघाली तर ती आमची समजावी, त्यांची नव्हे.

आरंभ परदेशात न करता आपल्या स्वयंपाकघरातच करू. घरात गुलाबजाम व्हावयाचे असले म्हणजे आमची आई साखरेचा पाक उकळताना त्यात अर्धे लिंबू पिळी. आम्ही विचारले, "गोडात आंबट कशाला?" तर ती म्हणे, "नाही पिळलं तर उद्या पाकाची साखर होईल." तिने कोणते पुस्तक वाचले नव्हते, परंतु ती जे करीत होती तेच काम जगातले मोठमोठे कारखाने मोठमोठ्या टाक्यांतून करीत आले आहेत. आपली नेहमीची साखर ही जोडसाखर आहे. द्राक्षशर्करा आणि फलशर्करा, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, यांची एकेक जोडी हातात हात घालून बसलेली असते. आम्लाच्या उष्ण पाण्यात हे हात सुटतात. सुटलेल्या दोघी एकत्र राहिल्या तरी पुन्हा खडा धरीत नाहीत, आणि चवीला मूळ साखरेहून थोड्या अधिक गोड लागतात. यालाच उलट साखर किंवा इन्व्हर्ट साखर म्हणतात. नावाचे कारण गमतीचे आहे. साखरेच्या पाण्यातून विशिष्ट प्रकारचा प्रकाश सोडला तर तो उजवीकडे वळतो. जोडी फुटली की तोच प्रकाश डावीकडे वळतो. वळण उलटले, म्हणून साखर उलटली. बिस्किटे, जॅम, गोळ्या, औषधांची सरबते, यांत ही साखर लागते. मध म्हणजे तरी काय? फुलातल्या रसाची मधमाशीने उलटविलेली साखर. तिच्यापाशी लिंबू नाही. तिच्यापाशी विकर आहे.

साखर उलटविण्याचे असे दोन मार्ग झाले, आम्लाचा आणि विकराचा. आम्लाचा मार्ग सोपा आणि स्वस्त. पण आईच्या अर्ध्या लिंबाऐवजी कारखान्यात जेव्हा तीव्र आम्ल येते, तेव्हा त्याच्यामागून दुसऱ्याही गोष्टी येतात. पाकाला तांबूस रंग चढतो, नको ते पदार्थ तयार होतात, शेवटी आम्ल मारण्यासाठी अल्क घालावे लागते आणि त्याचे क्षार पाकात उरतात. आणि आम्ल हाताळावयाचे कोणी? आमच्या बाविसाव्या वर्षाची गोष्ट आहे. कारखाना साखरेचा नव्हता, आणि त्याचे नाव आम्ही घेत नाही. दुसऱ्या पाळीला तेजाबाचा एक कारबॉय उतरविताना फुटला आणि आमच्या बरोबरीच्या एका मुलाचे दोन्ही पाय पोटरीपर्यंत भाजले. तो ठेकेदाराचा माणूस. त्याचे नाव मस्टरवर नव्हते. ज्याचे नाव मस्टरवर नाही तो कारखान्यात नव्हताच, आणि जो नव्हता तो भाजला कसा, असा युक्तिवाद भरपाईच्या वेळी आम्ही कानांनी ऐकला. संघटनेचे काम आम्ही त्या महिन्यापासून धरले. म्हणून आम्लावाचून चालणाऱ्या कारखान्याची हकीकत जेव्हा प्रथम वाचनात आली, तेव्हा ती आम्ही केवळ कुतूहलाने वाचली नाही.

आता इतिहासाकडे वळू. नेपोलियनने इंग्लंडच्या व्यापाराची नाकेबंदी केली आणि युरोपात वसाहतींतली उसाची साखर येईनाशी झाली. त्या टंचाईच्या काळात, १८११ साली, सेंट पीटर्सबर्ग येथे किर्चहॉफ नावाच्या रसायनज्ञाने पिठातला स्टार्च सौम्य गंधकाम्लात उकळून त्यापासून गोड पाक काढून दाखविला. साखर उसातूनच येते हा समज तेथे मोडला. पुढे १८३३ मध्ये पायेन आणि पेर्सो या दोघा फ्रेंच गृहस्थांनी मोड आलेल्या सातूतून एक पदार्थ काढला. तेच काम तो आम्लावाचून, नुसत्या कोमट पाण्यात करी. आपण नाचणीला मोड आणून तिचे सत्त्व करतो, त्याची गोडी याच जातीच्या पदार्थाची. १८६० मध्ये बर्थेलो याने यीस्टमधून साखर उलटविणारे विकर वेगळे केले. त्याला आज इन्व्हर्टेज म्हणतात, आणि आजच्या कथेचा नायक तोच आहे. तरीही विकराला काम करण्यासाठी जिवंत पेशी लागते की नाही, यावर विद्वानांत मोठे भांडण होते. १८९७ साली जर्मनीत बुखनर याने यीस्ट वाळूबरोबर खलून, दाबून, तिचा निर्जीव रस काढला आणि त्या रसानेही साखर आंबविली. भांडण मिटले. विकर हा पदार्थ आहे. त्याला जीव लागत नाही.

पण मालकाच्या दृष्टीने एक मोठी अडचण उरली. विकर पाण्यात विरघळते. ते पाकात टाकले की काम चोख करते, परंतु काम संपल्यावर त्याला पाकातून परत काढावयाचे कसे? काढता येत नाही. पाक तापवून त्याला मारावे लागते आणि ते मालाबरोबर निघून जाते. पुढच्या घाणीला नवे विकर, पुन्हा नवा खर्च. आमच्या भाषेत सांगावयाचे तर विकर हे बदली कामगार होते. मुंबईच्या गिरणीत बदली कामगार रोज सकाळी दरवाज्यावर उभा राही. काम निघाले तर आत, पाळी सुटली की त्याचा गिरणीशी संबंध संपला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दरवाजा. विकराचे नेमके तेच होते.

त्याला कायम करण्याची पहिली खूण १९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सापडली. नेल्सन आणि ग्रिफिन या दोघांनी इन्व्हर्टेज कोळशाच्या पुडीवर शोषून घेतले. कोळसा धुतला तरी विकर सुटेना. आणि नवल हे की, कोळशाला चिकटलेल्या स्थितीतही ते साखर उलटवीतच राहिले. म्हणजे कामगार खांबाला बांधला आणि तरी त्याचे दोन्ही हात मोकळे राहिले. घाटावरच्या खळ्यात मधोमध तिवडा रोवून त्याला मळणीचे बैल बांधतात. बैल जागचा जात नाही आणि काम तर होते. तसाच हा प्रकार. परंतु नेल्सन-ग्रिफिन यांना कारखाना काढावयाचा नव्हता. विकर काम कसे करते एवढेच त्यांना समजून घ्यावयाचे होते. त्यांचा निबंध छापला गेला आणि धंदेवाईकांनी तो कितीतरी वर्षे तसाच पडू दिला. शोध लागणे आणि शोधाची गरज लागणे या दोन गोष्टींत किती अंतर पडू शकते याचा हा नमुना आहे.

गरज लागली ती लढाईमुळे. १९४१ पासून इंग्लंडात आम्लाचा तुटवडा झाला, कारण ते युद्धाच्या कामी जाऊ लागले. टेट अँड लाइल ही तेथली साखरेची मोठी पेढी. तिच्या प्रसिद्ध गोल्डन सिरपसाठी साखर आम्लाने उलटवीत असत. आता आम्ल नाही. तेव्हा तिच्या रसायनज्ञांनी यीस्टमधले इन्व्हर्टेज काढून ते हाडांच्या कोळशावर बसविले. पाक निवळ करण्यासाठी या कोळशाचा वीस फूट खोल थर कारखान्यात आधीपासून होताच. त्यात दोन फुटांचा थर विकर लावलेल्या कोळशाचा घातला. पाक वरून सोडावयाचा, खाली निवळलेला आणि उलटलेला असा दोन्ही कामे झालेला मिळावयाचा. हा थर फार टिकाऊ निघाला. विकर दमण्याआधी कोळशाचीच रंग शोषण्याची ताकद संपे, किंवा त्यात जंतू शिरत. १९४६ पर्यंत हे चालले. मग आम्ल पुन्हा मिळू लागले आणि पेढीने विकराला निरोप दिला. कारण काय? तर आम्लाच्या सिरपची जी खमंग चव गिऱ्हाइकाच्या जिभेवर बसली होती, ती विकराच्या स्वच्छ सिरपला येईना! विकर अधिक शुद्ध काम करते, हीच येथे त्याची खोट ठरली. (हाडांच्या कोळशाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. १९०५ च्या स्वदेशीच्या चळवळीत विलायती साखर हाडांनी साफ करतात, ही गोष्ट घरोघर सांगितली जाई आणि पुष्कळांनी ती साखर सोडली. तोच कोळसा पुढे विकराचा पहिला कारखानदारी खांब झाला.)

युद्धानंतर गाडे दुसऱ्या बाजूने हलले. अमेरिकेत मका अमाप. मक्याच्या स्टार्चपासून ग्लुकोजचा पाक होतो. पण ग्लुकोज साखरेपेक्षा कमी गोड. गोडी फ्रुक्टोजमध्ये. ग्लुकोजचे फ्रुक्टोज करणारे विकर आहे, असे १९५७ साली मार्शल आणि कूई या दोघा अमेरिकनांनी दाखविले. त्याचा कारखान्यास उपयोगी पडेल असा प्रकार जपानात सरकारी संशोधनसंस्थेतील ताकासाकी यांनी मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जंतूपासून मिळविला. तो परवाना अमेरिकेत आयोवा राज्यातल्या क्लिंटन गावच्या मका-कारखान्याने घेतला आणि १९६७ च्या सुमारास मक्याची ही नवी गोड साखर बाजारात उतरली. थोड्याच काळात तेथे विकर सेल्युलोजच्या दाण्यांवर बांधून वापरण्यात येऊ लागले. तिकडे जपानातच १९६९ साली चिबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमिनो आम्लांच्या कारखान्यात बांधलेल्या विकराची अखंड चालणारी टाकी सुरू केली. १९७१ मध्ये अमेरिकेत हेनिकर येथे या विषयावर परिषद भरून अशा विकरांचे सर्वमान्य नाव ठरले. इन्व्हर्टेजने जी वाट १९१६ मध्ये दाखविली ती पक्की सडक होण्यास पंचावन्न वर्षे गेली.

या टाक्या चालतात कशा, ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात आम्हांस एक गोष्ट फार लागली. विकर बांधण्याच्या रीती अनेक. चिकटवावयाचे, रासायनिक गाठ मारावयाची, एकमेकांस जोडून गोळा करावयाचा, किंवा जाळ्यात मासळी ठेवावी तसे चिकट गराच्या जाळीत कोंडावयाचे. कोणत्याही रीतीने बांधलेले दाणे उभ्या टाकीत भरतात. साठ अंशांच्या आतबाहेर तापविलेला पाक त्यांतून वाहतो. विकर काही आठवडे, काही महिने टिकते. पण दिवस जातील तसे ते थकत जाते. मग कारखानदार काय करतो? पाकाचा वेग कमी करतो. म्हणजे थकलेल्या विकराला प्रत्येक थेंबामागे जास्त वेळ मिळतो आणि माल पहिल्यासारखाच उतरतो. बंधुहो, वय झालेल्या कामगाराचा साचा थोडा हळू चालू द्या, ही मागणी आम्ही किती टेबलांवर मांडली असेल! विकराला ती सवलत न मागता मिळाली.

आता या कथेची काळी बाजू. १९६० मध्ये क्युबाची साखर अमेरिकेने बंद केली होतीच. १९७४ च्या नोव्हेंबरात जगाच्या बाजारात साखरेचा भाव पौंडाला पासष्ट सेंटांच्या घरात गेला. काही वर्षांपूर्वी हाच भाव दोन सेंटांच्या आसपास होता. अशा महागाईत मक्याच्या पाकाला पंख फुटले. १९८४ साली अमेरिकेतल्या दोन्ही मोठ्या कोला कंपन्यांनी आपल्या पेयांतून साखर काढून पूर्णपणे मक्याचा पाक घालण्याचे ठरविले. पेयाच्या बाटलीत काय बदलले ते पिणाऱ्याला कळलेही नसेल. फिलिपाइन्स देशात नेग्रोस नावाचे बेट आहे. त्या बेटावर उसावाचून दुसरे पीक नव्हते म्हटले तरी चालेल, आणि त्या साखरेचे मोठे गिऱ्हाईक अमेरिका. १९८४-८५ च्या सुमारास तेथल्या मळ्यांवर ऊस उभा राहिला, तोडणी थांबली, आणि लाखांनी मोजावेत इतके मजूर आपल्या मुलाबाळांसह उपाशी राहिले. याचे सारे पाप मक्याच्या माथी मारणे खोटे होईल. जगाचे भाव कोसळले होते, अमेरिकेने आयातीचा वाटा कापला होता, आणि त्या देशाच्या हुकूमशहाच्या मर्जीतल्या माणसांनी साखरेचा सारा व्यापार आपल्या मुठीत ठेवून मळ्यांचा पैसा खाल्ला होता. पण क्लिंटनच्या टाकीत बांधलेले विकर आणि नेग्रोसच्या मळ्यातली रिकामी चूल यांच्यामध्ये एक दोरी होती, हे नाकारता येत नाही. विकर शोधणाऱ्याने मजुराचा विचार करावा अशी आमची अपेक्षा नाही. परंतु ते टाकीत भरण्याचा हिशेब जो मांडतो त्याने तो केला पाहिजे, आणि तो करत नसेल तर करावयास लावण्यासाठी संघटना असते.

आपल्याकडे असे का झाले नाही? महाराष्ट्र उसाचा प्रांत. प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले, हे येथे सर्वांस ठाऊक आहे. त्या कारखानदारीच्या पायाशी जो ऊसतोड मजूर आहे, ज्याच्या नवराबायकोची दोघांची मिळून मोजणी एक 'कोयता' अशी होते, त्याची कहाणी एका स्वतंत्र व्याख्यानाची आहे. आजच्या विषयापुरते एवढेच सांगतो. मकेवाल्यांना फ्रुक्टोज नव्याने घडवावे लागते, आणि टाकीत एकदा पाक फिरविला तरी ग्लुकोजचा निम्मा भागही पुरता फ्रुक्टोज होत नाही. पुढे आणखी खटाटोप करावा लागतो. उसाच्या साखरेत निम्मे फ्रुक्टोज आधीच जोडीने बसलेले आहे. जोडी फोडली की काम झाले. म्हणून उसाच्या देशाला लागते ते आपले जुने इन्व्हर्टेज; आणि त्याला बांधण्याचा स्वस्त खांब.

हा खांब शोधण्याचे काम झाले ते आपल्याच शेजारी. उरणच्या बाजूने खाडीपलीकडे ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तेथे १९५४ साली अणुशक्तीचे केंद्र स्थापन झाले, आणि डॉ. होमी भाभा गेल्यावर १९६७ मध्ये त्याला त्यांचे नाव देण्यात आले. अणुकेंद्र म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे अणुभट्टी येते. तेथे यीस्ट आणि साखरेवर काम होत असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. आमच्याही आले नव्हते. पण डॉ. एस. एफ. डिसूझा आणि त्यांचे सहकारी यांचे निबंध पाहिले म्हणजे डोळे उघडतात. १९८० साली डिसूझा आणि नाडकर्णी यांनी यीस्टच्या पेशी जाळीदार गरात कोंडून त्यांतून साखरेचा पाक अखंड उलटवून दाखविला. या गटाने गर घट्ट करण्यासाठी गॅमा किरणांचाही उपयोग केला, कारण किरण त्यांच्या घरचे. आणि विकरे कोंडण्यासाठी कोंबडीच्या अंड्याचा पांढरा बलकही वापरून पाहिला. येथे शास्त्रज्ञाची दृष्टी कोणत्या बाजूला वळली आहे ते ध्यानात घ्या. परदेशी महागड्या रेझिनऐवजी घरात, बाजारात, उकिरड्यावर काय सापडते, याकडे.

आणि १९९० साली गोडबोले, कुबल आणि डिसूझा यांचा एक निबंध निघाला. त्यात इन्व्हर्टेज बांधले होते ते टाकाऊ सुती धाग्यावर.

हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ तसेच बसलो. आमचे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि रोहे-माणगावकडच्या गावागावांतून गिरणीत गेलेली माणसे हळूहळू परत येऊ लागली. वडील आले तेव्हा एका ट्रंकेत कपडे, आणि एका पिशवीत यंत्रे पुसावयाचे कॉटन वेस्ट होते. हे कशाला आणले, असे आईने विचारले. ते म्हणाले, "असू दे. कंदील पुसायला होईल." ते सूत आमच्या घरात कित्येक वर्षे होते. संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही; वडीलही पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. गिरणीने ज्या सुताची किंमत शून्य धरली होती, त्या जातीच्या सुताला कोणी शास्त्रज्ञ साखरेच्या कामाला लावतो आहे, ही बातमी त्यांना सांगावयास हवी होती; पण आम्ही ती वाचली तेव्हा ते राहिले नव्हते.

आता सुताची युक्ती सांगतो. इन्व्हर्टेजच्या अंगी ऋण विद्युतभार असतो. यीस्टच्या पेशीच्या अंगावरही तोच. सुताला धन भार दिला की दोघे आपोआप ओढले जातात. धन भार देण्यासाठी सुताची तशी रासायनिक प्रक्रिया करतात, किंवा पॉलिएथिलीनइमाइन नावाच्या लांबलचक साखळीच्या रसायनाचा हात त्याला देतात. ज्याने मूर्तीला रंग देण्याआधी अस्तराचा हात दिला आहे, त्या पेणच्या कारागिराला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. १९९९ मध्ये मेलो आणि डिसूझा यांनी याच रसायनाचा हात दिलेले सुती धागे टाकीत ठेवून यीस्टमिश्रित पाणी त्यांतून वाहू दिले. धाग्यांनी पेशी गाळून धरल्या, आणि गाळता गाळताच त्या बांधल्याही गेल्या. मग त्याच टाकीतून दाट पाक सोडला, तो उलटून बाहेर आला.

दाट पाक, या शब्दावर जोर देण्याचे कारण आहे. पातळ पाकात काम करणे विकराला सोपे जाते, दाट पाकात त्याचा वेग मंदावतो. पण पातळ पाकात जंतू शिरून तो नासतो, आणि शेवटी त्यातले पाणी आटविण्यास इंधन जाळावे लागते. दाट पाक नासत नाही. आपला मुरांबा वर्षभर टिकतो तो याच कारणाने. म्हणून कारखान्याच्या उपयोगाचे विकर तेच, जे दाट पाकात टिकून काम देईल. ट्रॉम्बेच्या मंडळींनी नेमका हाच प्रश्न धरला होता.

यापुढची पायरी तर थेट आपल्या अंगणातली आहे. २००२ साली डिसूझा आणि गोडबोले यांनी इन्व्हर्टेज बसविले ते भाताच्या तुसावर. पेण-रोह्याच्या माणसाला तूस म्हणजे काय हे सांगावयास नको. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस निघते. ते गुरे खात नाहीत. लवकर कुजत नाही, कारण त्यात वाळूच्या जातीची सिलिका भरपूर असते. गिरणीमागे त्याचे ढीग पडतात आणि फार तर वीटभट्टीवाला ते घेऊन जातो. या जिल्ह्याला कुलाबा म्हणत त्या काळापासून तो भाताचे कोठार आहे. भातातल्या वाट्यासाठी चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली १९३३ पासून सहा वर्षे जमिनी पडीक ठेवल्या, खोतांना दाद दिली नाही. तेवढ्या मोठ्या लढ्यातही तुसाच्या वाट्याबद्दल कोणी भांडले असेल असे आम्हांस वाटत नाही! पण जे गुण घरधन्याला दोष वाटतात तेच टाकीला हवे असतात. टाकीतला खांब कुजता कामा नये, पाकात फुगता कामा नये, दाबाखाली त्याचा लगदा होता कामा नये, आणि तो फुकटाच्या जवळपास मिळाला पाहिजे. तुसाला त्याच पॉलिएथिलीनइमाइनचा हात द्यावयाचा, विकर चढवावयाचे आणि ग्लुटराल्डिहाइड नावाच्या द्रवाने गाठ पक्की करावयाची, अशी ती कृती आहे.

येथे संघटनेच्या माणसाने गप्प बसू नये. ग्लुटराल्डिहाइड हे काही गुलाबपाणी नव्हे. त्याची वाफ डोळ्यांना व घशाला झोंबते, हाताला लागले तर कातडी बिघडते. विकरेही दिसावयास गरीब. पण त्यांची कोरडी पूड श्वासात गेली तर काय होते ते इंग्लंडातल्या कपडे धुण्याच्या पुडीच्या कारखान्यांत दिसले. तेथल्या कामगारांना दम्यासारखा विकार जडू लागला, आणि १९६९ साली फ्लिंड्ट नावाच्या डॉक्टराने लॅन्सेट या साप्ताहिकात तो जगापुढे मांडला. त्यानंतर विकराच्या पुडीवर वेष्टन चढवून तिचे दाणे करण्याची पद्धत आली, म्हणजे ती उडू नये. बांधलेले विकर ओल्या टाकीत असते, त्याची धूळ उडत नाही, हा कामगाराच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण. पण ते बांधण्याच्या खोलीत जो उभा राहील त्याला हातमोजे, चष्मा आणि वारा खेचणारा पंखा मिळाला पाहिजे, आणि त्याचे नाव मस्टरवर असले पाहिजे. नाही तर आम्लाच्या कारबॉयच्या जागी दुसरा डबा आला, एवढाच फरक.

अखंड वाहणाऱ्या टाकीला माणसेही कमी लागतात, हे आम्ही लपवीत नाही. घाणीघाणीने काम चाले तेव्हा भरणारा, ढवळणारा, उपसणारा असे हात लागत. आता एका पाळीला झडपा पाहणारा एक माणूस पुरतो. तरीही आम्ही आम्लाच्या बाजूने बोलणार नाही. आम्लामुळे चार माणसांना काम मिळते म्हणून आम्ल ठेवा, ही मागणी आमच्या संघटनेने कधी केलेली नाही. चार जणांचे काय करावयाचे ते टाकी बसविण्याआधी ठरवा, ही मात्र केली आहे. कधी मान्य झाली, कधी नाही.

पुष्कळ बोललो. या टेबलावर काचेच्या दोन नळ्या उभ्या केल्या आहेत. एका नळीत साधे सूत ठासले आहे. दुसरीत पावाच्या भट्टीवरून आणलेल्या यीस्टमध्ये भिजवून, पाण्याने पाच-सहा वेळा धुतलेले सूत आहे. आमच्यापाशी ट्रॉम्बेचे रसायन नसल्याने धुण्यात पुष्कळ यीस्ट निघून गेले, तरी कामापुरते उरले आहे. व्याख्यान सुरू झाले तेव्हा दोन्हींत एकाच भांड्यातले साखरेचे पाणी थेंबथेंब सोडले होते. ते खाली पेल्यांत साठले आहे. शिक्षकांनी शाळेतून बेनेडिक्टचे निळे द्रावण आणले आहे. मधुमेहाच्या रोग्याची लघवी पूर्वी दवाखान्यात ज्याने तपासत, तेच हे. नुसत्या साखरेबरोबर तापविले तर ते निळेच राहते; साखर उलटली असेल तर विटेसारखे तांबडे होते. मघाशी पडद्यामागे एकदा करून पाहिले, तेव्हा तांबडे झाले होते. स्पिरिटचा दिवा पेटविला आहे. मागच्या रांगेतल्या मुलांना आधी पुढे येऊ द्यावे.